देवराईत सभामंडप येतोय: गावाशी न भांडता राई कशी राखायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगमेश्वर तालुक्यातलं गाव, साधारण चार एकरांची देवराई (देवाच्या नावाने राखलेलं रान), मधोमध जुनं कौलारू देऊळ. देवस्थानाला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळालाय. त्या निधीतून सभामंडप, देवळापर्यंत काँक्रीटचा रस्ता, पेव्हर ब्लॉक आणि गाड्या लावायला जागा असा आराखडा झालाय, कमी पडतील ते पैसे मुंबई मंडळ, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं मंडळ, घालणार आहे. तीस-पस्तीस झाडं जातील. तुम्ही पुण्याला नोकरी करता, बैठकीत बोललात, तेव्हा 'तुला गावाचा विकास बघवत नाही' असं ऐकून घ्यावं लागलं. आता तुम्ही विचारताय, संस्कृती, निसर्ग आणि विकास यांत उभं राहायचं तरी कोणाच्या बाजूने?

मी गेली वीसेक वर्षं रत्नागिरी, रायगड आणि पुण्याच्या मावळपट्टीत देवरायांच्या नोंदी करतो आणि गावांबरोबर बसून त्या राखायचं काम करतो. असे आराखडे बऱ्याच गावांत पाहिले. काही राया वाचल्या, काही निम्म्या गेल्या, दोन ठिकाणी आता फक्त नाव उरलंय. जिथे राई गेली तिथली माणसं झाडांच्या जिवावर उठली होती असं मला एकदाही दिसलं नाही. एका मानकऱ्यांनी मला विचारलं होतं, "आम्ही स्लॅबच्या घरात झोपायचं आणि देवानं गळक्या कौलांखाली बसायचं?" या वाक्यात भक्ती आहे आणि थोडी लाजही आहे. आयुष्यभर मुंबईत चाळीत राहून गावाला पैसे पाठवणाऱ्या माणसाला देवासाठी काहीतरी डोळ्यांत भरेल असं करायचं असतं. ते मान्य केल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. तुमच्या गावात संस्कृती आणि विकास एकाच बाजूला बसलेत. राईच्या बाजूने बोलायला मात्र कोणी उरलेलं नाही, कारण ती का राखली जात होती हे सांगणारी पिढी संपत आलीय.

ते 'का' समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 'देवाच्या भीतीने झाडं वाचली' हे अर्धंच खरं आहे. जुन्या कोकणात राई ही गावाच्या शेतीव्यवस्थेचा एक कोपरा होती. भाताच्या रोपवाटिकेला राब भाजायचा, म्हणजे पेरणीआधी जमिनीवर पाला-फांद्या जाळायच्या, तर दरवर्षी कवळ (पालेदार फांद्या) तोडावा लागे. डोंगरउतारावरच्या ऐन-किंजळांच्या फांद्या त्यासाठी छाटल्या जायच्या, वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीवर नाचणी-वरी व्हायची, सरपण तिथूनच यायचं. इतका वापर चालू असताना एक तुकडा असा ठेवला होता जिथून कोणी काही आणायचं नाही. पाण्याचा उगम, औषधी वेली, मोठी बियाणेझाडं तिथे राहिली. बाहेरचा वापर होता म्हणून आतल्या मनाईला अर्थ होता. पुढे माणसं मुंबईला गेली, वरकस पडीक झाली, घरात गॅस आला. डोंगरावर पुन्हा झाडोरा वाढला हे विकासाचं देणं आहे, ते नाकारू नका. पण त्याच बदलाने राईची रोजची गरज संपवली. गरज गेली, मग नियम सैल झाला, आणि त्या सैल जागेत आता निधी येतोय. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून अभ्यासक हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत आलेत.

आता चार एकरांचा हिशेब करू, कारण बैठकीत 'फक्त दहा गुंठे जागा लागणार' असं सांगितलं जाईल. चार एकर म्हणजे १६० गुंठे, त्यातले दहा गेले तर बिघडलं कुठे? राई चौकोनी धरली तर तिची एक बाजू सुमारे १२७ मीटर येते. कडेच्या २५ मीटरच्या पट्ट्यात ऊन-वारा शिरतो, जमीन लवकर सुकते, असं मी कामापुरतं धरतो (काही ठिकाणी हा पट्टा कमी असतो, काही ठिकाणी जास्त). मग खरी थंड, दमट राई आत उरते ७७ मीटर बाजूची, म्हणजे दीड एकराला थोडी कमी. तुमचं देऊळ नेमकं त्या दीड एकराच्या मध्यावर आहे. तिथे झाडं काढून मंडप घातला आणि बाहेरून तिथपर्यंत रस्ता नेला, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या कडा तयार होतात. कागदावर १५० गुंठे शिल्लक दिसतात, पण 'आत' म्हणावं असं जवळजवळ काही राहत नाही. उघड्या जागेतून रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपं शिरतात. इतकी वर्षं आडोशाला वाढलेली उंच झाडं वादळात आडवी होतात. वेलींनी शेंडे एकमेकांत गुंफलेले असतात, त्यामुळे एक झाड पाडलं की दुसऱ्याच्या फांद्या घेऊनच खाली येतं. आणि जेसीबीने मुळं तोडलेली, वर पेव्हर ब्लॉक दाबलेली झाडं लगेच मरत नाहीत. ती हळूहळू वाळतात, तोवर कोणाला मंडप आठवत नाही, 'झाड म्हातारं झालं होतं' असं म्हणतात. गावात सांगताना मी झाडांचा आकडा सांगत नाही, हा हिशेब दोरी धरून जागेवर दाखवतो. दोरी धरायला तुमच्या विरोधात बोललेल्यांनाच बोलवा.

यानंतरचं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. पहिली गोष्ट सातबारा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं आहे. राई देवाच्या नावावर असेल, शासनाच्या, किंवा सामायिक खातेदारांच्या. कब्जेदार कोण आणि इतर हक्कांत काय लिहिलंय यावर सगळं वेगळं होतं. देवस्थान नोंदणीकृत न्यास असेल तर जमिनीच्या विक्री-हस्तांतरणाला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. झाडं तोडायला १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, ती कोणी मागितली आहे का ते विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे काम कोणत्या टप्प्यावर आहे. नुसता प्रस्ताव असेल तर ग्रामसभेच्या ठरावाने जागा बदलता येते. कार्यारंभ आदेश निघून ठेकेदार आला असेल, तर मंडप थांबवण्यापेक्षा रस्ता राईबाहेर थांबवण्यावर जोर द्या. माझ्या अनुभवात राईचं जास्त नुकसान रस्त्याने होतं. मंडप जागच्या जागी राहतो, रस्ता मात्र पुढे हायमास्ट दिवा, दुकानं आणि कचरा घेऊन येतो.

कायद्याचा आधार आहे. १२ डिसेंबर १९९६च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने 'वन' हा शब्द मालकी न पाहता शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायला सांगितलं होतं. १८ डिसेंबर २०२४ला राजस्थानातल्या ओरणांच्या, म्हणजे तिथल्या देवरायांच्या, प्रकरणात त्यांची नोंद आणि नकाशे करण्याचा आदेश दिला आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण करावं अशी शिफारस केली. ही माहिती खिशात असू द्या. पण पहिल्या बैठकीत ती काढू नका, असं मी कळकळीने सांगतो. पश्चिम घाटात निसर्ग जपायला कुठे काय बंधनं हवीत हे सुचवणाऱ्या गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये सरकारला दिला गेला आणि लोकांसमोर आला मे २०१२मध्ये. मधले महिने अफवांचे होते. 'घरावर कौल बदलता येणार नाही', 'गुरं सोडता येणार नाहीत' असं मी स्वतः गावागावांत ऐकलंय. समितीने खरं तर ग्रामसभांना विचारून पुढे जायला सांगितलं होतं, पण ती गोष्ट गावात पोचायच्या आधी भीती पोचली. २०१३मध्ये त्याच विषयावरच्या कस्तुरीरंगन समितीचा अहवाल आला तोवर 'इको-सेन्सिटिव्ह' (पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील) हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा झाला होता. जपणुकीची भाषा बाहेरून, वरून आणि कायद्याच्या कागदावर आली की गाव राईकडेच संशयाने बघायला लागतं. एका गावात तर 'राई दाट राहिली तर सरकार घेईल' म्हणून लोकांनी आधीच साफ करायला घेतली होती.

म्हणून निर्णय गावाच्या रीतीनेच व्हावा. रीत म्हणजे कौल, देवाला प्रश्न विचारून घेतलेलं उत्तर, असं तुम्ही म्हणाल. मी कौलाला मान देतो, पण कौल लावला की राई वाचेल असं धरून चालू नका. एका गावात देवाला विचारलं गेलं, 'देवळासाठी ही झाडं देऊ का?' बैठकीला अकरा माणसं होती, ठेकेदाराशी बोलणं आधीच झालं होतं. कौल उजवा, म्हणजे होकाराचा मिळाला, झाडं गेली. दुसऱ्या एका गावात त्याआधी तीन बैठका झाल्या, सगळ्या वाड्या आल्या, राईतल्या झऱ्याचं पाणी पिणाऱ्या खालच्या वाडीने आपलं म्हणणं मांडलं. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं ते असं: 'ही झाडं तशीच ठेवून, बाहेरच्या बाहेर तुझी सेवा केली तर चालेल का?' तिथेही उजवाच कौल मिळाला आणि राई राहिली. प्रश्न कसा विचारला जाईल हे बैठकीत ठरतं. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने सर्वसहमती होईपर्यंत निर्णय न घेण्याची आणि आधी अभ्यासगटात विषय समजून घेण्याची पद्धत बसवली, आणि २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आलं. तुमचा मुलूख वेगळा, जमिनीची मालकी वेगळी, पण 'आधी समजून घेऊ, मग ठरवू' एवढं उचलता येतं.

बाहेरच्या बाहेर सेवा म्हणजे काय? तुमच्या गावात शिमग्याला पालखी बसते ती सहाण आहे ना? आमच्या भागात सभामंडपाचे प्रश्न सहाणेवर सुटतात. गाव जमतं तिथेच, गाऱ्हाणी, नमन, हळदीकुंकू, भजन तिथेच, आणि ती बहुतेक ठिकाणी वस्तीच्या मध्ये मोकळ्या जागेत असते. तिथे मंडप झाला तर तो वर्षभर वापरला जातो. राईतला मंडप जत्रेचे दोन दिवस वापरतात आणि इतर वेळी त्यात पालापाचोळा साठतो. रस्ता आणि गाड्यांची जागाही राईच्या शंभर पावलं अलीकडे थांबवा. तिथून पायवाट, आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी चिऱ्याच्या रुंद, उथळ पायऱ्या आणि धरायला कठडा. ही शेवटची सोय विसरू नका. म्हाताऱ्या माणसांना देवापर्यंत पोचता यावं ही मागणी अगदी रास्त आहे. तिला उत्तर न देणाऱ्याला गाव ऐकत नाही, आणि तसं ऐकूही नये.

देवळाची दुरुस्ती जरूर करा. जुन्या जोत्यावरच, जोतं न वाढवता, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, लाकडी वासे, मंगलोरी कौलं. कोकणात हे काम जाणणारे गवंडी-सुतार अजून मिळतात. आत तांदळा (देव म्हणून पुजलेला न घडवलेला दगड) असेल तर तो हलवून संगमरवरी मूर्ती बसवायचा विचार कोणी मांडेल. ती गोष्ट तुमची-माझी नाही, मानकऱ्यांची आहे. एक मात्र विचारून बघा: 'देवळापुढे आणखी छप्पर घातलेलं आपल्या देवाला चालतं का?' अनेक रायांमध्ये देवी उघड्यावरच बसते, तिला आभाळ लागतं असा समज आहे. दोनतीन ठिकाणी वयस्कर बायकांनीच ही आठवण काढली आणि बांधकामाचा विषय आपोआप मागे पडला. सगळीकडे असं होईल असं नाही.

जुन्या रीतींबद्दल बोलतोच आहे तर हेही सांगतो. राई राखायची म्हणजे तिच्याभोवतीचे सगळे जुने नियम परत आणायचे, असं मी मानत नाही. काही रायांमध्ये बायकांना बंदी होती, काही वाड्यांतल्या माणसांना पायरीपर्यंतच येऊ द्यायचे. ज्यांना कधी आत घेतलंच नाही त्यांनी राईसाठी का उभं राहावं? 'आत कोणी काही तोडायचं नाही' हा नियम ठेवा, 'अमक्याने आत यायचं नाही' हा सोडा. जिथे बैठकीत सगळ्या वाड्यांना आणि बायकांना समान जागा मिळाली तिथल्या राया मला जास्त सुरक्षित वाटतात, कारण राखणदार वाढले.

मग गरजेचं काय? देवाची भीती परत येणार नाही आणि ती यावी अशी माझी इच्छाही नाही. नवी गरज दाखवावी लागते, आणि तुमच्या राईत झरा आहे असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात, सगळ्यात वाईट आठवड्यात, पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन तिथे जा. बादली एका मिनिटात भरली तर दिवसाचं पाणी होतं २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते जवळजवळ ३९० माणसांचं पाणी आहे. हा आकडा शाळेतल्या मुलांनी मोजून ग्रामसभेत वाचून दाखवला तर त्याचं वजन वेगळंच असतं. पण 'राईमुळे झरा आहे' असं छातीठोक सांगू नका. पुष्कळदा झरा होता म्हणूनच त्या जागी देव बसवला गेला. पाणी येतं ते जांभ्याच्या आणि खालच्या कातळाच्या रचनेतून. राई ते पाणी मुरायला मदत करते, उगमाची जागा धुपू देत नाही, घाण होऊ देत नाही. एवढं खरं सांगणं पुरेसं आहे, आणि ते खोटं ठरायची भीती नाही.

पर्यटनाचा मुद्दा निघेलच, कोणीतरी वेळासचं नाव घेईल. वेळास हे चांगलं उदाहरण आहे. मंडणगड तालुक्यातल्या त्या किनाऱ्यावर २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरायला लागले आणि अंडी चोरीला जायची तिथे लोकच पहारा द्यायला लागले. एक नवी रीतच तयार झाली. पण किनारा लांबलचक आहे, हंगाम ठरलेला आहे, पाहुणा पिल्लं समुद्रात जाताना बघून परततो. चार एकरांच्या राईत रोज पन्नास माणसं फिरली तर जमीन तुडवून कडक होते आणि बी रुजत नाही. तुमच्या राईत धनेश पक्षी घरटं करतात म्हणता, ते तर सर्वात आधी जातील. मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून भरवतो, अशा वेळी झाडाखाली कॅमेरे जमले की तो यायला कचरतो. त्यापेक्षा सिंधुदुर्गातली दोन उदाहरणं गावाला सांगा. आंबोलीत हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात शिस्तुरा हिरण्यकेशी हा नवा मासा सापडला आणि २०२१मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथल्या देवराईतली, रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदलही असंच वारसा स्थळ आहे. दोन्ही जागा आकाराने लहान आहेत, जेमतेम दोन-अडीच हेक्टरच्या. देवाची जागा तशीच ठेवल्याने गावाचं नाव झालं, हे ऐकायला गावाला आवडतं. तुमच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेलच. तिच्याकडून लोक जैवविविधता नोंदवहीत राईचं पान नीट लिहून घेतलंत तर पुढच्या कुठल्याही अर्जाला तोच पाया होतो.

आता एक धोका जो कोणाच्या लक्षात येत नाही. समजा मंडप सहाणेवर गेला आणि सगळे खूश झाले. मग उत्साहाने 'देवराई स्वच्छता अभियान' निघतं. खालची झुडपं काढतात, पाचोळा जाळतात, आणि मोकळ्या जागेत गुलमोहर किंवा ग्लिरिसिडिया लावतात. मी अशी राई पाहिलीय जिथे सगळी झाडं पन्नास वर्षांच्या पुढची होती, आणि कमरेएवढं एकही रोप नव्हतं. ती आजही देखणी दिसते, पण पुढच्या पिढीचं झाड तिथे नाही. प्लास्टिक उचला, पाचोळा राहू द्या. पडलेलं झाड जागेवरच कुजू द्या. रोपं लावायचीच असतील तर राईच्या बाहेरच्या अंगाला, तिथल्याच बियांची: किंजळ, जांभूळ, बेहडा, सातवीण, रातांबा. पन्नास मीटरचा पट्टा जरी बाहेरून भरला तरी वर सांगितलेल्या हिशेबात आतली राई पुन्हा रुंद होते. त्या निधीतली 'सुशोभीकरणा'ची रक्कम या कामाला वळवता येते का, ते ग्रामसेवकांशी बोलून बघा. माझ्या ओळखीच्या एका गावात हे झालं, दुसऱ्या गावात नियमात बसत नाही म्हणून नाकारलं गेलं.

तुमचं पुण्याला असणं ही अडचण आहे, पण तितकी मोठी नाही. मुंबई मंडळातली माणसंही बाहेरच राहतात आणि त्यांचं ऐकलं जातं, कारण ती शिमग्याला खांदा द्यायला येतात. आधी गुरवांकडे जा, एकटे, हातात कागद न घेता. राईत कुठे कोणी जात नाही, का जात नाही, कुठल्या झाडाला कोण नारळ ठेवतं, ते विचारा आणि ऐका. मग खालच्या वाडीतल्या पाणी भरणाऱ्या बायकांकडे. मंडळाच्या कार्यकर्त्यांपैकी जे तुमच्यावर सर्वात जास्त चिडले होते त्यांना मुंबईत त्यांच्या घरी जाऊन भेटा. सहाणेवरच्या मंडपाचा साधा नकाशा आणि अंदाजे खर्च तयार ठेवा आणि तो मंडळाने स्वतःचा म्हणून मांडावा असं बघा, तुमचं नाव त्यावर नको. हे सगळं शिमग्याच्या महिनाभर आधी व्हायला हवं. पालखी बसल्यावर सगळं गाव एकत्र असतं, पण तेव्हा नवीन विषय निघत नाहीत, आधी ठरलेलेच पक्के होतात. बादली मात्र मे महिन्यासाठी ठेवा, आणि त्याआधी सातबाऱ्याचा उतारा काढून तो काय सांगतो ते मला कळवा. कब्जेदाराच्या जागी काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय पुढचं सांगणं म्हणजे अंदाज होईल.